खिडकीची पोळी

घरातली कुठलीही काळी वस्तू मुळात पांढरीच असते, केवळ कुणाच्या तरी आळसापायी ती काळी राहिलेली असते, अशा समजुतीच्या घरात मी वाढलो. हे बचाव म्हणून सांगत नाही. (बचाव शोधून झालाय. सापडला नाही.) पण सांगलीला आमची आई दिवाळीआधी भांडी घासून झाली की एकेक ताट तोंडासमोर धरायची. तोंड दिसलं तर ताट फडताळात, नाही दिसलं तर पुन्हा मोरीत, आणि ताटाबरोबर ते घासणाराही मोरीत. तो घासणारा बहुतेक मीच असायचो. तेव्हा जानेवारीत मी जे काही करून बसलो त्यामागे वाईट हेतू नव्हता, चांगलं वळण होतं. एवढं ध्यानात ठेवा आणि मग पुढचं ऐका.

मी शशिकांत. एका विमा कंपनीत नोकरी करतो. सत्तावीस वर्षांपूर्वी दोन वर्षांच्या बदलीवर हैदराबादला आलो आणि इथल्याच सुनंदाशी लग्न करून बरकतपुऱ्यात कायमचा राहिलो. सुनंदा जन्मानं, शिक्षणानं आणि रागानं हैदराबादी. राग आला की ती मराठी बाजूला ठेवते आणि 'कायकू मेरी जान खारे जी' असल्या भाषेत उतरते. त्याची मला सवय आहे, दहा मिनिटांत सगळं निवळतं आणि चहाही मिळतो. भीती वाटते ती, ती शुद्ध मराठीत आणि हळू आवाजात बोलायला लागली की. आमच्या संसारात तसं फार थोड्या वेळा झालंय. त्यातलीच एक वेळ सांगतोय.

सुनंदाचे वडील एकनाथराव, म्हणजे आमचे आप्पा, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत, मलकपेठला मुलाकडे राहतात. रेल्वे क्वार्टर्समध्ये त्यांच्या शेजारी एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर राहायचा. तो सगळं आवरून ऑस्ट्रेलियाला निघाला तेव्हा त्यानं आप्पांना आपल्या आजीच्या वेळचा वॉफल करायचा बिडाचा साचा दिला, आणि जायच्या आधी दोन रविवार शेजारी बसून करायलाही शिकवलं. वॉफल काय ते आता मॉलमध्ये हिंडणाऱ्या कुठल्याही पोराला ठाऊक आहे. पण तेव्हा पाच वर्षांच्या सुनंदानं त्यातल्या चौकटी बघून त्याला 'खिडकीची पोळी' म्हटलं, आणि घरात तेच नाव पडलं. तेव्हापासून दरवर्षी बारा जानेवारीला, तिच्या वाढदिवशी, आप्पा लाकडाच्या चुलीवर खिडकीची पोळी करत आले. साचा आप्पा धरायचे आणि त्याला तूप लावायच्या सासूबाई. नऊ वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. मग तो साचा आणि आप्पांनी स्वतः पत्र्याची बनवलेली चूल आमच्याकडे आली, आणि आप्पा आमच्या गच्चीवर येऊन पोळी करायला लागले. या सगळ्या कार्यक्रमात माझ्याकडे एकच काम होतं. हाक आली की वर जायचं आणि खायचं.

यंदा सुनंदाचा पन्नासावा वाढदिवस. आणि नोव्हेंबरात आप्पा पडले आणि उजवं मनगट मोडून घेतलं. प्लॅस्टर निघालं, पण तो जड साचा धरून उलटा करायची ताकद काही हातात आली नाही.  डिसेंबरअखेर एकदा भाजी निवडता निवडता सुनंदा म्हणाली की यंदा पहिल्यांदाच खिडकीची पोळी होणार नाही, आणि मग हातातल्या मेथीच्या जुडीकडे बघत बसली. ते मला बघवेना. मी मनाशी ठरवलं की पोळी होणार, आणि मी करणार. (मी आजवर केलेला सर्वांत अवघड पदार्थ म्हणजे कोल्ड कॉफी.) इतका चांगला विचार माझ्या डोक्यात सहसा येत नाही. तो आला तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

आमची मुलगी ईशा बेंगळुरूला नोकरी करते. तिला फोन करून कृती मागवली. तिनं ती पाठवली, आणि वर बजावलं की साच्याला हात लावायच्या आधी आईला विचार. मी म्हटलं, आईला विचारलं तर मग सरप्राइज कसलं? आता आठवतं, सुनंदानंही लग्नानंतर कधीतरी मला त्या साच्याबद्दल काहीतरी सांगितलं होतं. पाण्याखाली धरायचा नाही, नुसता फडक्यानं पुसायचा, असं काहीतरी. मी तेव्हा क्रिकेटची मॅच बघत होतो आणि मी 'हं' म्हणालो होतो. माझं हे 'हं' मला जन्मभर नडत आलंय.

अकरा तारखेला, शनिवारी, सुनंदा आप्पांना आणायला मलकपेठला गेली. ती संध्याकाळपर्यंत येणार नव्हती. मी स्टुलावर चढून माळ्यावरून साचा काढला. जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला होता. दोन गोल जाड झाकणं, मध्ये बिजागरी, आत चौकटीच चौकटी, धरायला तारेच्या वेटोळ्याची मूठ, आणि खाली चुलीच्या तोंडावर बसणारं कडं. आणि सगळा काळा. साधा काळा नव्हे, आत-बाहेर, कानाकोपऱ्यात, पिढ्यान्‌पिढ्या कुणी घासलाच नाही असा काळा. बोट फिरवून बघितलं तर गुळगुळीत लागला आणि बोटाला काही लागलं नाही. (इथं एखाद्या शहाण्या माणसाला शंका आली असती.) मला मात्र आईची आठवण झाली. बायकोच्या पन्नासाव्या वाढदिवसाला असल्या भांड्यात पोळी करायची म्हणजे काय म्हणायचं?

चिंच भिजत घातली. मीठ घेतलं, राख कुंडीतल्या झाडांसाठी ठेवलेली होती ती घेतली, आणि नारळाचा काथ्या घेऊन मोरीत बसलो. दोन तास घासलं. पाठ मोडली, पण साचा काही हलेना. शेवटी कडेची एक चौकट राखाडी झाली, तीसुद्धा अर्धीच. आता मोठी पंचाईत झाली. होता तसा सोडावा तर ती अर्धी चौकट कोड फुटल्यासारखी दिसत होती. हात घातलाच आहे तर काम पुरं करावं म्हणून मी साचा पिशवीत घातला, स्कूटरच्या पायाशी ठेवला आणि अफझलगंज गाठलं. तिथं समया आणि पितळी भांडी मशीनवर चमकवून देणारं एक दुकान मला माहीत होतं.

दुकानदार साठीचा असेल. त्यानं साचा हातात घेतला, उघडला, आतून अंगठा फिरवला, आणि मिटून परत माझ्यासमोर ठेवला.

"साब, इसकू नक्को छेडो," तो म्हणाला. "ये मैल नै है, ये इसकी जान है. मेरी अम्मी का तवा ऐसाइच है."

मी त्याला समजावलं की बायकोचा वाढदिवस आहे आणि वस्तू नव्यासारखी दिसायला हवी. त्यानं बेगमसाहेबांना विचारलंय का, असं विचारलं. मी म्हटलं, सरप्राइज आहे.  एकाच दिवसात दुसऱ्यांदा कुणाच्या तरी अम्मीचा दाखला निघत होता, आणि दोन्ही माउल्यांचं मत अगदी उलट होतं. मी अर्थातच माझ्या आईच्या बाजूनं उभा राहिलो. "हौ, आपकी मर्जी," म्हणून त्यानं चाक सुरू केलं. अर्ध्या तासात साचा असा निघाला की त्यात तोंड दिसावं. मी बघितलं. दिसलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी आईच्या परीक्षेत पहिल्या झटक्यात पास झालो होतो, आणि ते बघायला ती नव्हती याचं मला फार वाईट वाटलं.

रविवारी सकाळी सुनंदा आणि आप्पा खाली चहा घेत असताना मी गच्चीवर चूल पेटवायला घेतली. पेरूची लाकडं, नारळाच्या शेंड्या आणि तीन दिवसांचे पेपर. पेपर जळून गेले, शेंड्यांनी धूर केला, लाकडं आपली तटस्थ राहिली. पाऊण तास फुंकून फुंकून माझे डोळे इतके लाल झाले की समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या तेलुगू शेजारीण बाईंनी काळजीनं विचारलं, भोगी तर उद्या आहे ना? भोगीला इथली माणसं पहाटे शेकोटी करून घरातलं जुनंपुराणं त्यात टाकून देतात. मी त्यांना हसून सांगितलं की हे वेगळं आहे. खरं म्हणजे जुनं होतं ते घालवून टाकण्यात मी त्यांच्याही एक दिवस पुढे होतो, पण ते मला अजून कळायचं होतं.

धूर बघून सुनंदा धावत वर आली. पेटलेली चूल बघितली, पातेल्यातलं पीठ बघितलं, माझ्या अंगावरचा तिचाच एप्रन बघितला. आणि तिचा चेहरा असा काही उजळला की तसा मी फार वर्षांत बघितला नव्हता. तिनं खाली जाऊन आप्पांना हात धरून एकेक पायरी चढवत वर आणलं, खुर्चीत बसवलं, त्यांच्या अंगाभोवती शाल नीट केली. आप्पांनी चुलीकडे बघून मान हलवली. तो माझ्या आयुष्यातला फार चांगला क्षण होता. साधारण दोन मिनिटं टिकला.

मग मी पाण्याच्या टाकीमागून पेपरात गुंडाळलेला साचा काढला आणि पेपर ओढला. सकाळचं ऊन त्याच्यावर पडलं आणि गच्चीभर झळाळी पसरली.

"अय्यो, नवीन कशाला आणलात?" सुनंदा हसत म्हणाली. "आपला चांगला आहे की. कुठाय तो?"

"हाच तो," मी म्हणालो.

दोघांचेही डोळे साच्यावर खिळले. मला वाटलं, दोघं भारावलीत. म्हणून मी सविस्तर सांगायला लागलो, चिंच, राख, काथ्या, अफझलगंज, दुकानदार कसा आळशीपणा करत होता आणि मी कसं त्याच्याकडून काम करून घेतलं. सांगता सांगता आप्पांकडे लक्ष गेलं. त्यांनी चष्मा लावून साचा मांडीवर घेतला होता आणि धडक्या हाताचा अंगठा एकेका चौकटीतून फिरवत होते. वर्कशॉपमध्ये एखादा तुकडा बाद करायच्या आधी असाच अंगठा फिरवत असतील. माझा आवाज आपोआप बारीक होत गेला आणि दुकानदाराच्या अम्मीपाशी येऊन बंद पडला.

"भाजून बघा," आप्पा म्हणाले.

मी साचा चुलीवर ठेवला, तूप लावलं, पीठ ओतलं, झाकण लावलं आणि आप्पांनी खूण केल्यावर मूठ धरून उलटा केला. वास तर अगदी बरोबर सुटला. उघडायला गेलो तर उघडेना. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा फटकन उघडला, आणि अर्धी पोळी वरच्या झाकणाला, अर्धी खालच्या. सुटायला एकही अर्धी तयार नव्हती. सुरीनं उचकटलं, मग सुनंदाची विणायची सुई आणली, आणि एकेका चौकटीतून कोरून काढलं. दुसऱ्या वेळी तूप दुप्पट घातलं, तर तूप पेटलं. तिसऱ्या वेळी पोळी बाहेर आली, पण चौकटी सुट्या आल्या. खिडक्या मिळाल्या, घर गेलं. मी त्या ताटलीत गोळा करून सुनंदाच्या पुढे धरल्या. 

आप्पांनी मला समजावून सांगितलं, न रागावता, एखाद्या नव्या माणसाला सांगावं तसं. बीड तूप पितं. दरवेळी लावलेलं तूप तापून त्याच्यावर बसत जातं, थरावर थर, आणि ते काळं जे असतं ते तेच. त्याच्यामुळेच पोळी सुटते. मी विचारलं, म्हणजे मी काल घासून काढलं ते सगळं तूप होतं? आप्पा म्हणाले, हो.

सुनंदानं ताटली घेतली आणि कठड्यावर ठेवली. ती आता हैदराबादीत सुरू होईल आणि मी सुटेन, अशी मी वाट बघत होतो.

"त्याला सगळी वर्षं आईनं तूप लावलं होतं," ती हळू म्हणाली. "आईच्या हाताचं तूप होतं हो त्यात. पोळी नसती झाली तरी मला चाललं असतं."

शुद्ध मराठी. एकही शब्द इकडचा तिकडचा नाही. मग ती खाली गेली. मी त्या चुलीपुढे उभा होतो, धूर आता बंद झाला होता, तरी डोळ्यांतून पाणी येत होतं. ते धुराचंच आहे असं आप्पांना वाटावं म्हणून मी एकदा खोकलो.

मग मी आप्पांना विचारलं की हे परत होईल का. त्यांनी साचा उलटासुलटा करून बघितला, बिजागरी हलवून बघितली. म्हणाले, बीड शाबूत आहे, तडा नाही. तेल लावायचं, तापवायचं, पुसायचं, पुन्हा लावायचं.

"किती वेळा?"

"आम्ही मोजलं नव्हतं," आप्पा म्हणाले.

तेव्हापासून दर रविवारी मी मलकपेठला जाऊन आप्पांना रिक्षातून घेऊन येतो, ते खुर्चीत बसतात आणि मी साच्याला जवसाचं तेल लावतो. आप्पांच्या सांगण्यावरून जवसाचं, ते लवकर धरतं म्हणून. पहिल्या रविवारी मी भरपूर लावलं, म्हणजे लवकर भरून निघेल. तर त्याचा डिंक झाला आणि सगळं पुन्हा घासून काढावं लागलं. (या वेळी परवानगीनं.) मग थेंबभर तेल घ्यायला शिकलो. मे महिन्यात, हैदराबादच्या उन्हात, गच्चीवर लाकडाच्या चुलीपुढे बसून मी साचा तापवलाय. शेजारीण बाई आता काही विचारत नाहीत. यांच्याकडे बहुतेक भोगी वर्षभर असते, असं त्यांनी धरून चाललं असावं.

सुनंदा या विषयावर बोलत नव्हती. मी विचारलंच तर 'आप्पांना विचारा' म्हणायची. चहा मात्र आणायची, आणि दोन कप आणायची, कारण ती मुळात वाईट नाही. मला तेच जास्त लागायचं. नीट भांडली असती तर बरं वाटलं असतं. मग जूनमध्ये एकदा चहा ठेवून ती परत खाली न जाता तिथंच उभी राहिली. थोडा वेळ माझं चोळणं बघितलं आणि माझ्या हातातून फडकं काढून घेतलं.

"एवढं रगडायचं नसतं," ती म्हणाली. "नुसता हात फिरवायचा. आई असा फिरवायची."

आणि तिनं एकेका चौकटीतून बोट फिरवत दाखवलं. आप्पा तेवढ्यात टाकीकडे तोंड करून बसले. मीही दुसरीकडे बघितलं, पण माझं लक्ष तिच्या हाताकडेच होतं. इतकी वर्षं मी आयती पोळी खाल्ली आणि सासूबाईंचा हात कसा फिरायचा ते एकदाही बघितलं नाही. बघितलं असतं तर जानेवारीतल्या त्या शनिवारी साच्याला चिंच लावायची माझी हिंमत झाली नसती.

तेव्हापासून तेल मी लावतो आणि शेवटचा हात सुनंदा फिरवते. साचा जुलैत तपकिरी झाला, मग मळकट, आणि आता काळ्याच्या बाजूला झुकलाय. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी पहिल्यांदा पोळी अखंड सुटली. एका बाजूनं करपलेली होती, पण चारी बाजूंनी एक होती. सुनंदानं ती उभ्या उभ्याच खाल्ली. पूर्ण खाल्ली. मग म्हणाली, मीठ कमी आहे. मी त्या दिवशी ऑफिसातल्या तिघांना फोन करून सांगितलं.

गेल्या रविवारी काम झाल्यावर आप्पांनी साचा फडक्यात गुंडाळला आणि म्हणाले की आता माझं वय झालं, पुढं हा कुणी सांभाळायचा ते एकदा बोलून ठेवू. मी हात पुसले आणि चेहरा शक्य तितका नम्र केला. आठ महिने, चौतीस रविवार, मे महिन्याचं ऊन. मी मोजले होते.

"ईशाच्या नवऱ्याकडे द्यायचा," आप्पा म्हणाले.

मी त्यांना आठवण करून दिली की ईशाचं लग्न अजून ठरलेलं नाही, ठरायच्या आसपासही नाही, मुलगा कोण, कुठला, काही पत्ता नाही. आप्पा म्हणाले, असू दे, कुणी का असेना. सुनंदानं लगेच मान हलवली.

म्हणजे ज्या माणसाचं नाव-गाव अजून कुणाला ठाऊक नाही, जो कदाचित जन्मात चुलीपाशी बसलेला नसेल, त्याच्यावर त्या दोघांचा माझ्यापेक्षा जास्त भरवसा आहे. मी रात्रभर विचार केला. आणि खरं सांगायचं तर, मलाही तोच बरा वाटतो.